बैलाचे दात पाहतो, मुलाचे केव्हा पाहणार?



जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी पहिल्यांदा काय करतो? बैलाचा खालचा ओठ दाबतो आणि दात पाहतो. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे, सहा दाती आहे की जुळला आहे, हे त्याला एका नजरेत कळते. बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात, खाली आठ असतात व ते जोडीजोडीने बदलतात, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. आता त्याच शेतकऱ्याला विचारा, "तुमच्या तिसरीतल्या मुलाच्या तोंडात दुधाचे दात किती राहिले आणि कायमचे किती आले?" बहुतेक जण गप्प बसतील. यात त्यांचा दोष नाही. हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

मुलाचे दात वेडेवाकडे येऊ लागले की आपण दोनपैकी एक वाक्य बोलतो. "वाढत्या वयात आपोआप बसतील," किंवा "आमच्या घराण्यातच असे दात आहेत." कधी कधी पहिले वाक्य खरे ठरते. दुसऱ्यातही थोडे तथ्य आहे, कारण जबड्याची ठेवण आईवडिलांकडूनच येते. परंतु कोणत्या वेळी थांबायचे आणि कोणत्या वेळी मुलाला ताबडतोब दाखवायचे, हे ओळखता आले पाहिजे. तसेच डॉक्टरांनी तोंडात काढता-घालता येणारी प्लेट दिली, तर ती कशी काम करते हेही घरातल्या माणसांना माहीत हवे. आज या दोन गोष्टी पाहू.

दात येण्याचा हिशेब

दुधाचे दात वीस. अडीच-तीन वर्षांपर्यंत ते सर्व येतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. वर दोन, खाली दोन, अशा चार. या दाढा कोणताही दात न पडता येतात, म्हणून पुष्कळ आईबाप त्यांना दुधाच्याच समजतात. ही मोठी चूक होय. ही दाढ कायमची आहे. ती किडून काढावी लागली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

सहा ते नऊ वर्षांत पुढचे आठ पटाशीचे दात बदलतात. म्हणजे तिसरीतल्या मुलाच्या तोंडात साधारणपणे बारा कायमचे आणि बारा दुधाचे, असे चोवीस दात सापडतील. वर विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर. नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान सुळे आणि दुधाच्या दाढा बदलतात. वरचा सुळा बहुधा सर्वांत शेवटी, अकरा-बाराव्या वर्षी येतो. बारा-तेराव्या वर्षी आणखी एक दाढ, आणि अक्कलदाढ सतराच्या पुढे, आली तर आली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. "दुधाचीच आहे, पडणारच आहे" म्हणून किडलेली दाढ सातव्या वर्षी उपटून टाकली, तर तिच्या मागची कायमची दाढ पुढे सरकते. शेजाऱ्याने बांध कोरावा तशी जागा हळूहळू खाल्ली जाते. मग खालून येणाऱ्या नव्या दाताला जागा उरत नाही व तो आडवा येतो किंवा आतच अडकतो. दुधाची दाढ भरून वाचवणे हा वाकड्या दातांवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. काढावीच लागली तर ती जागा राखून ठेवणारी तार बसवता येते. तिच्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

घरी पाहण्याची रीत

दात सरळ आहेत की वाकडे, एवढेच पाहून भागत नाही. तोंड मिटल्यावर वरचे व खालचे दात एकमेकांवर कसे बसतात, ती मिळणी पाहावी लागते. जात्याच्या दोन तळ्या नीट बसल्या नाहीत तर पीठ भरड येते, तसेच हे आहे.

मुलाला उजेडात ताठ बसवा. हात स्वच्छ धुवा. त्याला जिभेचे टोक टाळूला मागे लावायला सांगा आणि तसेच ठेवून दाढांवर दाढा मिटू द्या. नुसते "दात दाखव" म्हटले की मुले खालचा जबडा पुढे काढून पुढच्या दातांवर दात ठेवतात व खोटी मिळणी दिसते. आता बोटाने ओठ व गाल बाजूला करून क्रमाने पाहा.

पहिले, समोरून. वरचे दात खालच्या दातांच्या सर्व बाजूंनी किंचित बाहेर असावेत. डब्याचे झाकण डब्यावर बसते तसे. एखादा वरचा दात खालच्या दाताच्या आत शिरत असेल तर त्याला उलटा चावा म्हणतात. तो पुढच्या एका दाताचा असेल किंवा एका बाजूच्या सर्व दाढांचा असेल. अशा वेळी मूल तोंड मिटताना जबडा एका बाजूला सरकवते की काय, तेही पाहा.

दुसरे, पुढचे दात किती झाकतात. वरच्या दातांनी खालच्या दातांचा सुमारे एक तृतीयांश भाग झाकलेला असावा. खालचे दात दिसेनासे होत असतील किंवा वरच्या टाळूला टोचत असतील, तर चावा फार खोल आहे. उलट, दाढा मिटल्या तरी पुढे फट राहून जीभ दिसत असेल, तर तो उघडा चावा. याला बहुधा अंगठा चोखण्याची किंवा जीभ पुढे ढकलण्याची सवय कारणीभूत असते.

तिसरे, बाजूने. वरचे पुढचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत? दोन ते तीन मिलिमीटर अंतर ठीक. आगकाडीची जाडी सुमारे दोन मिलिमीटर असते. गूल काढलेली स्वच्छ काडी मधे धरून अंदाज घेता येतो. तीन काड्या मावतील एवढे अंतर असेल तर दाखवायलाच हवे. कंपासपेटीतली पट्टी वापरायची असेल तर एक सूचना: पट्टीचा शून्य कडेवर नसतो, थोडा आत असतो. तेवढे मिळवा.

चौथे, दाढा. अमेरिकेतील दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली मिळणीचे तीन वर्ग मांडले. डॉक्टर आजही तीच भाषा बोलतात. वरच्या सहा वर्षांच्या दाढेचा पुढचा बाहेरचा उंचवटा खालच्या दाढेच्या मधल्या खाचेत बसला, तर दाढांची मिळणी बरोबर. दात गर्दीने वाकडे असले तरी तो पहिला वर्ग. खालची दाढ त्या मानाने मागे राहिली तर दुसरा वर्ग. यात बहुधा वरचे दात पुढे आलेले किंवा हनुवटी मागे राहिलेली दिसते. खालची दाढ पुढे गेली तर तिसरा वर्ग. यात खालचा जबडा पुढे वाटतो. घरी हे पाहणे थोडे अवघड आहे. डॉक्टरांच्या कागदावर असा वर्ग लिहिलेला दिसला तर त्याचा अर्थ कळावा, म्हणून सांगितले.

पाचवे, गर्दी. दात एकमेकांवर चढले आहेत का? नव्या दाताला जागा आहे का? आणि दहाव्या वर्षी वरच्या हिरडीवरून बाहेरच्या बाजूने बोट फिरवून पाहा. सुळ्याच्या जागी फुगवटा लागला पाहिजे. अकराव्या वर्षापर्यंत तो लागत नसेल, तर सुळा टाळूकडे वळलेला असू शकतो. अशा वेळी एक्स-रे काढावा लागतो.

कुठे थांबावे, कुठे थांबू नये

आठ ते अकरा वर्षांच्या मुलांच्या वरच्या दोन दातांमध्ये फट असते आणि दात पंख्यासारखे फाकलेले दिसतात. आई घाबरते. परंतु सुळे खाली उतरू लागले की ही फट पुष्कळदा आपोआप मिटते. येथे धीर धरावा. त्याचप्रमाणे खालच्या दुधाच्या दातांच्या मागे नवे दात उगवून दुहेरी रांग दिसली, तरी दुधाचा दात हलत असेल तर काळजी नको. तो पडल्यावर जीभ नव्या दाताला पुढे ढकलते. दुधाचा दात घट्टच राहिला तर मात्र दाखवावे.

याच वयात एक घातक उपाय काही जण करतात. फट मिटावी म्हणून दोन दातांभोवती बारीक रबर अडकवतात. दाताचा आकार मुळाकडे निमुळता असल्याने ते रबर हिरडीखाली सरकते, वरून दिसेनासे होते आणि दाताभोवतीचे हाड खाऊन टाकते. अशाने चांगले दात गळून पडले आहेत. हे कधीही करू नका, कोणाला करू देऊ नका.

थांबू नये ते असे: उलटा चावा, टाळूला टोचणारा खोल चावा, फार पुढे आलेले दात, खालचा जबडा पुढे असणे, आणि तोंडाने श्वास घेणारे मूल. पुढे आलेल्या दातांचा प्रश्न नुसता रूपाचा नाही. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असलेल्या दातांना खेळताना-पडताना इजा होण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाचे नाक व घसा आधी तपासून घ्यावा. अंगठा चोखण्याची सवय पुढचे कायमचे दात येण्यापूर्वी सुटली तर पुष्कळ बिघाड आपोआप सुधारतो. मात्र मारून, तिखट लावून ती सुटत नाही. समजावून व हाताला उद्योग देऊन सुटते.

सात ते नऊ वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाला एकदा दंतवैद्याकडे नेऊन आणावे, हे सर्वांत उत्तम. आपल्याकडील पुष्कळ आईबाप मुलीचे लग्न ठरायला आले की धावपळ करतात. त्या वयातही दात सरकवता येतात, कारण दात कोणत्याही वयात सरकतो. पण जबड्याची वाढ तोवर संपलेली असते, आणि त्या वाढीचा उपयोग करून घेण्याची संधी हातची गेलेली असते.

प्लेट म्हणजे काय

दात सरळ करण्याची साधने मुख्यतः दोन प्रकारची. दातांवर चिकटवलेली तार, जी डॉक्टरच काढतात. आणि काढता-घालता येणारी प्लेट. आज पुष्कळ उपचार चिकटवलेल्या तारेने होतात. शहरांत पारदर्शक साच्यांचाही वापर होतो. तरीही वाढत्या मुलांच्या साध्या दोषांसाठी प्लेट उपयोगी आहे. उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवण्यासाठीही ती वापरतात.

प्लेट करण्यासाठी डॉक्टर आधी दातांचा ठसा घेतात व त्यावरून प्लास्टरचा नमुना ओततात. त्या नमुन्यावर तारा वाकवून टाळूला बसेल असा प्लास्टिकचा पत्रा तयार होतो. त्या पत्र्याला ॲक्रिलिक म्हणतात. प्लेटचे तीन भाग समजून घ्या. पहिला, दाढांना पकडणारे आकडे. बेलफास्टचे दंतवैद्य फिलिप ॲडम्स यांनी १९५० च्या सुमारास प्रचारात आणलेला आकडा आजही सर्वत्र वापरतात. तो ०.७ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या तारेचा असतो. दुसरा, काम करणारा भाग. एखाद्या दाताला ढकलणारी ०.५ मिलिमीटरची बारीक स्प्रिंग, पुढच्या दातांना मागे दाबणारी आडवी तार, किंवा जबडा रुंद करणारा स्क्रू. तिसरा, या सर्वांना धरून ठेवणारा ॲक्रिलिकचा पत्रा. खुंटा घट्ट नसेल तर दोर ओढून काय उपयोग? तसेच आकडे सैल असतील तर स्प्रिंग दाताला ढकलण्याऐवजी प्लेटलाच खाली पाडते.

दात हाडात रुतलेला असताना सरकतो कसा? नदीचे वळण आठवा. पाण्याचा जोर ज्या काठावर, तो काठ झिजतो. समोरच्या काठाला गाळ साचून नवी जमीन तयार होते. दातावर हलका दाब सतत राहिला की पुढच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड भरते. म्हणून दाब हलकाच हवा. एका दातासाठी पंचवीस ते पन्नास ग्रॅम एवढा पुरतो. महिन्याला सुमारे एक मिलिमीटर ही त्याची चाल. घाई करून दाब वाढवला तर तेथील रक्तपुरवठा बंद पडतो, दात उलट अडून बसतो आणि मुळालाही इजा पोहोचते. स्प्रिंग घरी वाकवू नये ते याचसाठी.

प्लेटची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती दाताला कलती करते. मुळासकट उभा सरकवू शकत नाही. फार फिरलेला दात, आत अडकलेला सुळा, जास्त गर्दी, ही कामे चिकटवलेल्या तारेची. खालचा जबडा मागे असलेल्या वाढत्या मुलांसाठी वर-खाली दोन प्लेटींची जोडी मिळते. तिला ट्विन ब्लॉक म्हणतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये ती प्रथम वापरली. तिचे तिरके ठोकळे खालच्या जबड्याला पुढे धरून ठेवतात. ती वाढीच्या वयातच, साधारण दहा ते चौदा वर्षांच्या दरम्यान, चांगले काम करते.

बोर्डिंगातला एक मुलगा

आमच्या बोर्डिंगात सहावीत एक मुलगा होता. वरचे दात पुढे आलेले, मधे फटी. मुले त्याला 'फावड्या' म्हणत. तो हसताना तोंडावर हात धरी आणि वर्गात उत्तर येत असूनही उठत नसे. लहानपणी पुष्कळ वर्षे अंगठा चोखल्याचे आईने सांगितले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, दाढांची मिळणी चांगली आहे, फटी आहेत, म्हणजे दात मागे घ्यायला जागा आहे; प्लेटने भागेल. पहिल्या दोन महिन्यांत फरक दिसू लागला. मग सुगीची सुट्टी लागली. पोर गावी गेले. भातकापणीत प्लेट हरवेल म्हणून आईने ती डब्यात घालून फळीवर ठेवली. तिचा हेतू चांगलाच होता. महिन्याने परत आला तेव्हा प्लेट बसेना. दात पुन्हा पुढे सरकले होते. नवा ठसा, नवी प्लेट, पुन्हा खर्च.

या वेळी डॉक्टरांनी वडिलांना बोलावून शांतपणे सांगितले, "पाटातले पाणी मधेच तोडले तर शेवटच्या वाफ्याला पोहोचेल का? प्लेट डब्यात असते तोवर औषध बाटलीत आहे." वडिलांनी ते मनावर घेतले. दर रविवारी बोर्डिंगात आले की आधी मुलाचे तोंड पाहत. आठ महिन्यांत दात मागे आले. त्यानंतर वर्षभर रात्रीची प्लेट चालू ठेवली. तो मुलगा आता तोंडावर हात न धरता हसतो. मला मात्र वाटत राहते, ती पहिली गोष्ट आईला आधीच कोणी नीट सांगितली असती तर त्या गरीब घराचा पहिला खर्च वाया गेला नसता. हा लेख लिहिण्याचे कारण तेच.

प्लेट असलेल्या घरासाठी सूचना

१. प्लेट रात्रंदिवस वापरायची असते. जेवताना ठेवायची की काढायची, हे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे करावे. कुस्ती, कबड्डी, पोहणे यावेळी काढून डबीत ठेवावी.

२. पहिले काही दिवस लाळ सुटते व बोबडे बोलले जाते. रोज मोठ्याने वाचायला लावा, आठवड्याभरात जीभ सरावते. थोडे दुखणे साहजिक आहे. जखम झाली तर मात्र प्लेट घेऊन डॉक्टरांकडे जा.

३. दात घासताना प्लेटही ब्रशने व साबणाने थंड पाण्यात धुवावी. गरम पाण्यात घालू नये, ती वाकते.

४. काढलेली प्लेट डबीतच ठेवावी. कागदात किंवा रुमालात गुंडाळू नये. लग्नाच्या पंगतीत कागदात गुंडाळलेली प्लेट पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जाते. खिशात ठेवली तर मोडते.

५. ऊस, चिक्की, भाजलेले कणीस, सुपारी यांनी तारा वाकतात. गोड चिकट पदार्थांनी प्लेटखाली कीड लागते.

६. स्क्रू असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी किल्लीने पाव फेरा द्यावा. एका पाव फेऱ्याने सुमारे पाव मिलिमीटर रुंदी वाढते. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. "लवकर होऊ दे" म्हणून जास्त फिरवू नका.

७. दर चार आठवड्यांनी दाखवायला जावे. पेरणी असो, कापणी असो, हा दिवस चुकवू नये.

८. प्लेट मोडली, हरवली किंवा बसेना झाली तर त्याच आठवड्यात कळवावे.

९. दात सरळ झाले म्हणजे काम संपले असे नाही. नवे हाड पक्के होईपर्यंत दात धरून ठेवणारी प्लेट सांगितलेल्या मुदतीपर्यंत वापरावी. रोप सरळ झाले म्हणून आधाराची काठी लगेच काढत नाहीत.

मूल खरोखर प्लेट घालते की नाही, हे ओळखणे सोपे आहे. घालणारे मूल प्लेट तोंडात असताना स्पष्ट बोलते, आरशात न पाहता ती काढते-घालते, आणि त्याच्या टाळूवर प्लेटच्या कडेचा पुसट ठसा दिसतो. डॉक्टरांना हे पाहताक्षणी कळते. तुम्हालाही कळू द्या. पण मुलाला रागावू नका. वर्गात कोणी चिडवते का, कुठे टोचते का, हे आधी विचारा.

खर्चाविषयी दोन शब्द. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर दंतवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. आपल्या भागातून बेळगावला किंवा गोव्यात बांबोळीला जाता येते. तेथे दात सरळ करण्याचा स्वतंत्र विभाग असतो. वेळ जास्त लागतो, खेपा पडतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली काम होते. उपचार सुरू करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: दोष कोणता आहे? प्लेटने भागेल की चिकटवलेली तार लागेल? एकूण किती महिने व किती खेपा? त्या खेपा करणे जमणार असेल तरच सुरुवात करा. अर्ध्यावर सोडलेल्या उपचाराचा पैसा वाया जातोच, आणि दातही पूर्वीच्या जागी परततात.

आज रात्री जेवणे झाल्यावर मुलाला दिव्याखाली बसवा, जीभ टाळूला लावायला सांगा आणि दाढा मिटू द्या. पाच मिनिटांचे काम आहे. बाजारात बैलाला देतो तेवढा वेळ मुलाला दिला, तरी पुष्कळ झाले.